वाचलेलं पाणी

धरणावरच्या त्या माणसाला सगळे मोजणीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं; उलट शाळेनेच त्यांना आठवीत हात जोडले होते. पण मोजायची खोड अशी, की जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, जेवताना घास मोजायचे आणि बायको रागाने बोलू लागली की तिची वाक्यं मोजायची. "एकोणीस झाली," असं ते एकदा भाबडेपणाने म्हणून गेले. विसावं वाक्य काय होतं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पोटापाण्याचं कामही मोजण्याचंच मिळालं. धरणाच्या भिंतीवर एक बुटकी खोली, खोलीत कमरेएवढं लोखंडी चाक. चाक फिरवलं की आटे पाडलेला एक लांब दांडा वर सरकायचा, दांड्याबरोबर खाली पाण्यात बुडालेलं दार उचललं जायचं आणि धरणाचं पाणी कालव्यात शिरायचं. दार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चाकाचे फेरे मोजायचे. ऑफिसातून चिठ्ठी यायची, "चाळीस फेरे". मास्तर मोठ्याने मोजत चाळीस फेरे द्यायचे, वहीत चाळीस लिहायचे, आणि ऑफिसातला जुना तक्ता त्या चाळिसावरून सांगायचा की कालव्यात इतकं इतकं पाणी गेलं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

कालव्याच्या तोंडाशी खरं तर पाण्याची उंची दाखवणारी रंगवलेली पट्टी होती. दोन वर्षांपूर्वी ती भिंतीच्या गिलाव्यासकट पडली. नवी लावा म्हणून कुणी आग्रह धरला नाही. मास्तरांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मग पट्टी रंगवत कशाला बसायचं, असं सगळे म्हणाले. मास्तरांनीही ते मिशीतल्या मिशीत हसून ऐकून घेतलं. आता ते हसू आठवलं की त्यांना स्वतःच्या मिशीचा राग यायचा.

कारण त्या बुधवारी मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून ते घरातून ओट्यावर, ओट्यावरून चाकाच्या खोलीत आणि तिथून पुन्हा घरात अशा येरझारा घालत होते. उद्या गुरुवारी ऑफिसात चौकशी होती, आणि चौकशी होती दाजींची. दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कालव्यावर अठरा किलोमीटर चालत जाऊन, वाटेतली अकरा दारं ठरल्या वेळी उघडायची, मिटायची आणि कुलूप लावायचं, हे दाजींचं काम. माणूस तिशीपासून ते करत होता. उद्या बहुतेक ती नोकरी जाणार होती, आणि ती घालवायला जो एक कागद पुरेसा होता, त्यावर सही मोजणीमास्तरांची होती.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी चाकाचा जुना दांडा झिजला म्हणून बदलला. मोठ्या गावाहून फिटर आला, दोन दिवस राहिला, मास्तरणीच्या हातचा आठ वेळा चहा प्याला (हा आकडा अर्थात मास्तरांचा) आणि नवा दांडा बसवून, त्यावर धूळ बसू नये म्हणून लोखंडी नळीचं टोपण घालून गेला. पूर्वी दांडा वर येताना दिसायचा, आता टोपणाआड गेला. पण चाक काय हलकं झालं होतं! पूर्वी चाळीस फेऱ्यांनंतर मास्तरांचा उजवा खांदा दोन दिवस बोलायचा. आता चाळीस फेरे देऊनही कपाळाला घाम नाही. मास्तर येईल-जाईल त्याला सांगत सुटले, "लहान पोरीने फिरवावं असं चाक झालंय."

मग उन्हाळ्यातलं पहिलं आवर्तन सुरू झालं. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची एक पाळी. ही चोवीस दिवसांची होती. नव्याने आलेल्या इंजिनिअर मॅडमनी हिशोब मांडून ठेवला होता. धरणात अमुक साठा आहे, धरणातल्या दुसऱ्या पट्टीवरची पातळी रोज तीन सेंटीमीटर उतरेल, अशी तीन आवर्तनं दिली की हंगाम पार पडेल. मास्तर रोज सकाळी सात वाजता धरणातली पट्टी वाचून आकडा कळवायचे. पातळी काही तीनने उतरेना. दोन, सव्वादोन, पुन्हा दोन. दहाव्या दिवशी तीस सेंटीमीटर उतरायला हवी होती, ती एकवीसच उतरली.

या गोष्टीचा मास्तरांना आनंद झाला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या या आनंदापायी दिल्या. यंदा ऊन कमी, वाफ कमी, शिवाय आपलं दार काटेकोर, एक थेंब इकडेतिकडे नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दहाव्या दिवसाच्या बैठकीत मॅडमनी चार माणसांत त्यांचं नाव घेतलं. "मास्तरांमुळे पाणी वाचलंय," त्या म्हणाल्या. "असंच राहिलं तर चौथं आवर्तनही देता येईल." मास्तर घरी आले ते तरंगतच आले.

"पाणी वाचलं म्हणतात मॅडम," त्यांनी बायकोला सांगितलं.

"शेतात जायचं पाणी धरणातच राहिलं, तर त्याला वाचलं म्हणतात का अडकलं?" बायको म्हणाली. ती भाजी निवडत होती आणि सहज बोलली होती. मास्तरांना ते लागलं नाही, कारण त्या दिवशी त्यांना काहीच लागत नव्हतं.

आणि तिकडे कालव्याच्या शेवटाला पाणी पोचत नव्हतं. तोंडाशी पाणी कमी झालं की वरच्या दारांना फारसं कळत नाही, ती आपापल्या वाट्याचं ओढून घेतात. सगळा तुटवडा सरकत सरकत शेपटाला जाऊन बसतो. शेपटाला तीसेक घरांचा मका उभा होता, नेमका कणसात दाणा भरायच्या दिवसांत. त्यात तीन एकर ताई आणि दाजींचे. वाटपाप्रमाणे सहाव्या दिवशी यायचं पाणी आठव्या दिवशी आलं, तेही घोटाभर, आणि दोन-चार सऱ्या भिजवून निघून गेलं.

बाराव्या दिवशी ताईचा फोन आला होता. "तू पाणी दिलंस ना रे?"

"ताई, चाळीस दिले. एक फेरा कमी नाही."

"मग इथे येतं कुठे?"

"ते मला कसं कळणार? माझं काम धरणापर्यंत. पुढचं दाजींना विचार." हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मास्तरांना ते फार बरोबर वाटलं होतं.

धरणातून पूर्ण निघालं आणि शेवटाला पोचलं नाही, म्हणजे मधेच कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं गणित तर कुणीही करील. लोकांनी केलं. वाटेत पहिल्या दाराजवळ वीटभट्टी होती. दाजी भट्टीवाल्याला चोरून पाणी सोडतात, असं आधी एक जण म्हणाला, मग दहा म्हणाले, मग पाहिलेले साक्षीदारही निघाले. दाजींचं स्वतःचं शेत कोरडं आहे की, असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार होतं: "तीच तर चलाखी आहे!" कुंपणानेच शेत खाल्लं, असं मॅडमच्या टेबलावर अर्जात लिहून आलं.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी आधी धरणापासून सुरुवात केली. शुक्रवारी मास्तरांकडून लेखी जबाब घेतला. मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहून दिलं: "ठरल्याप्रमाणे दार चाळीस फेरे उघडलं. कमी नाही, जास्त नाही. धरणातून पाणी पूर्ण सोडलेलं आहे." सही केली, सहीखाली दोन रेघा ओढल्या. त्या कागदावर सोमवारी दाजींच्या हातातून अकरा किल्ल्यांचा जुडगा काढून घेण्यात आला. आता ऑफिसचा एक माणूस सकाळी जीपमधून येऊन दारं बघून जायचा.

दाजी कालव्यावरून येत असले की आधी किल्ल्यांची खुळखुळ ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. लोक त्या आवाजावरून कुदळ घेऊन उठायचे. सोमवारपासून दाजी आवाज न करता चालत होते. तरी चालत होते, सवय. मंगळवारी ताईने पुन्हा फोन केला. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "तुझे चाळीस खरे, म्हणजे माझा नवरा खोटा. असंच ना?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मास्तरांचं अन्न गोड लागत नव्हतं. बुधवारी दहाच्या सुमाराला ते घरामागे आले. बायको कपडे वाळत घालत होती. वाळत घालायच्या तारेला टेकू म्हणून तिने एक लोखंडी दांडा जमिनीत रोवला होता. तो चाकाचाच जुना दांडा, त्याचा वरचा पुरुषभर उंचीचा तुकडा. फिटर टाकून गेला होता.

"अहो, उभेच आहात तर हे टोक धरा," बायको म्हणाली.

मास्तरांनी एका हाताने चादरीचं टोक धरलं आणि दुसरा हात दांड्यावर ठेवला. हात रिकामा राहिला की मोजायला लागायचा, तसा लागला. अंगठ्याचं नख एकेका आट्यात उतरवत ते खालून वर गेले. वीतभर अंतरात अठरा आटे. पुन्हा वीत ठेवली, पुन्हा अठरा. मन उद्याच्या चौकशीत होतं, बोटं आपलं काम करत होती. मग चादर तारेवर पडली, बायको घरात गेली, आणि मास्तर नुसतं बसवत नाही म्हणून ग्रीसचा डबा घेऊन चाकाच्या खोलीत गेले. नव्या दांड्याला एकदाही ग्रीस लावलं नव्हतं.

टोपणाची नळी काढली. कापडाने दांडा पुसला. पुसता पुसता नख आट्यात गेलं. एक, दोन, तीन. वीत संपली तेव्हा सत्तावीस झाले होते.

मास्तरांना वाटलं, आपण चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण चुकलो असावं असं मनापासून वाटलं. पुन्हा मोजले. सत्तावीस. ते बाहेर पळाले, जुन्या दांड्याला वीत लावली. अठरा. परत आत. सत्तावीस. आटे बारीक होते. जुना दांडा दोन फेऱ्यांत इंचभर वर यायचा. याला त्याच इंचाला तीन फेरे लागत होते. चाळीस फेऱ्यांत वीस इंच उघडायचं ते दार आता तेरा इंच उघडत होतं. वीस इंचांना साठ हवे होते, साठ! आणि चाक हलकं का झालं, तेही आत्ता कळलं. फिटर जाताना म्हणाला होता, "मास्तर, याचे आटे बारीक आहेत, चाक हलकं जाईल." त्या वाक्यातलं अर्धंच मास्तरांनी ऐकलं होतं. जे सुखाचं होतं ते.

त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते चाकाच्या चौथऱ्यावर बसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सतरा दिवस दोन तृतीयांश पाणी सोडत होते आणि वहीत पूर्ण लिहीत होते. पट्टी रोज ओरडून सांगत होती की तीन नाही, दोनच उतरते आहे, आणि ते खूश होत होते. ज्याला सगळ्यांनी वाचलेलं पाणी म्हणून टाळ्या दिल्या, ते ताईच्या मक्याचं पाणी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतात. इथे तर चोराने स्वतःच सुवाच्य अक्षरात जबाब लिहून दिला होता.

मग एक हलका विचार आला. वीस फेरे आणखी द्यावेत आणि गप्प बसावं. कोण बघतंय? आटे मोजणारा जगात एकच वेडा. सहा तासांत पाणी शेपटाला पोचेल, मका जगेल, लोक विसरतील. मास्तर उठले, चाकाला हात घातला आणि तसेच थांबले. सोमवारी दाजींच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि बुधवारी पाणी भरभरून आलं, तर लोक काय म्हणतील? "बघा, किल्ल्या गेल्या आणि पाणी आलं!" याहून मोठा पुरावा कुठला? दाजी जन्माचे चोर ठरतील. पाणी दिलं तर दाजी जातात, नाही दिलं तर मका जातो.

त्यांनी मॅडमना फोन लावला. बंद. ऑफिसात लावला. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम मोठ्या साहेबांच्या बैठकीला गेल्यात. संध्याकाळी उशिरा येतील. काय असेल ते उद्या चौकशीत सांगा."

"अहो, दार जास्त उघडायला लागतंय. चूक झालीये माझी."

"तुमची?" कारकून हसला. "मास्तर, चेष्टा करता काय? आणि लेखी आदेशाशिवाय चाकाला हात लावू नका, सांगून ठेवतो."

सव्वीस वर्षांत त्यांनी आदेशाशिवाय एक फेरा दिला नव्हता. ते घरात आले आणि बायकोला सगळं सांगितलं. सांगताना चार वेळा बसले, चार वेळा उठले. शेवटी म्हणाले, "उद्याच सांगतो सगळ्यांसमोर. एका दिवसाने काय होतंय?"

बायकोने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "कणसं आज भरायचीत. त्यांना उद्याची तारीख कुणी कळवलीये का?"

"आणि लोक दाजींना चोर म्हणतील त्याचं काय?"

"मग पाण्याच्या आधी तुम्ही पोचा. सायकल कशाला ठेवलीये, कोळ्याला जाळं विणायला?"

पावणेअकरा वाजता मास्तरांनी चाक धरलं. एक्केचाळीस. मोठ्याने म्हणाले. बेचाळीस. प्रत्येक आकडा त्यांना कानाखाली बसल्यासारखा वाटत होता. साठाला ते थांबले, वहीत आजची तारीख टाकून लिहिलं: "आदेशाशिवाय वीस फेरे जास्त दिले. कारण उद्या सांगेन." नोकरी राहील की जाईल याचा विचार करायला त्यांना त्या वेळी सवड नव्हती. खाली कालव्याचं पाणी बघता बघता चढलं आणि काठावरचं गवत ओढत पुढे निघालं.

पाणी माणसाच्या चालीने जातं. सायकल त्याच्या पुढे जाणार हे उघड होतं. पण मास्तरांना अकरा ठिकाणी उतरायचं होतं. पहिल्या दाराशी वीटभट्टीवाला उभा होता, तो त्यांना बघून तोंड फिरवून निघाला. मास्तरांनी सायकल त्याच्या आडवी घातली.

"ऐका. दाजींनी तुम्हाला पाणी दिलं नाही. चूक माझी आहे. दांडा बदलला, मी जुनेच फेरे देत बसलो. चाळीसचे साठ हवे होते."

भट्टीवाला वळून जवळ आला. "इतके दिवस माझ्या घरात कुणी धड बोललं नाही. माझी आईसुद्धा विचारायची, खरं सांग, घेतलंस का?" मग म्हणाला, "हे दहा जणांत सांगाल?"

"दहा कशाला, सगळ्यांत सांगतो. पुढे निघालोय तेच करायला."

दुसऱ्या दाराशी तीन जण हसले. तिसऱ्याला एका म्हाताऱ्याने शिव्या घातल्या, त्या मास्तरांनी मान खाली घालून पूर्ण ऐकल्या. चौथ्याला एक बाई म्हणाली, "पाणी पी, मग बोल, धाप लागलीये तुला." पाचव्या दारापर्यंत बातमी फोनवरून त्यांच्या पुढे पोचली होती, लोक वाट बघतच उभे होते. "काय मास्तर, मोजणी चुकली म्हणे?" तरी मास्तरांनी सायकलवरून उतरून पहिल्यापासून सांगितलं. सांगायचं राहिलं असं एकही दार त्यांना नको होतं. दुपारचं ऊन डोक्यावर, पायात गोळे, सायकलची साखळी दोनदा निघालेली. उतरलं की मागे वळून बघायचे, पाणी कुठवर आलं. पाणी आपलं येतच होतं.

शेपटाला पोचले तेव्हा साडेचार झाले होते. अकराव्या दाराच्या कट्ट्यावर दाजी बसले होते, हात रिकामे, नजर कोरड्या पाटावर. शेजारी ताई उभी होती. त्यांच्याही कानावर आलंच असणार. मास्तरांनी सायकल आडवी टाकली आणि सतरा दिवसांचं सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, "दाजी, माझं चुकलं."

दाजींनी मान वर केली. मग म्हणाले, "किती फेरे लागतात म्हणालात?"

"साठ."

"आणि मी रोज रात्री विचार करायचो, मेहुणे, की माझ्याकडून कुठलं दार उघडं राहिलं. तुमचा आकडा चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही. मीच चोर असेन, असं मला स्वतःला वाटायला लागलं होतं."

मास्तरांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. ताई शेतात शिरली, एक कणीस मोडून आणलं, पानं सोलली आणि त्यांच्या हातात दिलं. खाली दाणे टपोरे होते, वर वर बारीक होत गेले होते आणि शेंड्याकडचा तिसरा हिस्सा नुसता टक्कल पडलेला होता.

"मोज," ताई म्हणाली.

मास्तरांनी कणीस हातात फिरवलं. अंगठा पहिल्या दाण्यावर ठेवला. पुढे सरकवेना. "ताई, नको गं," ते म्हणाले.

"शेंडा आता भरत नाही. पण मागून फुटलेली कणसं अजून हिरवी आहेत," ताई म्हणाली, आणि तेवढ्यात पाटात ओला वास आला. मागून पाणी आलं. आधी पालापाचोळा आणि फेस, मग ओंजळभर उंचीचं, मग गुडघ्याला लागेल असं खरंखुरं पाणी. येऊन ते अकराव्या दाराला थडकलं. दाराला कुलूप होतं.

किल्ली ऑफिसात. जीप उद्या सकाळी. आणि हे दार मिटलेलं असलं की पाणी पुढच्या ओढ्यात जातं, ते तिघांच्या डोळ्यांसमोर जायला लागलं. दाजी उठले आणि पुन्हा बसले. "मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "कुलूप तोडायचंच तेवढं राहिलंय माझ्या नावावर."

मास्तरांनी कालव्याच्या काठचा एक दगड उचलला. आयुष्यात सरकारी खिळादेखील ज्यांनी घरी नेला नव्हता, त्यांनी पाण्याच्या आवाजाने धावत आलेल्या तीस घरांच्या माणसांसमोर मोठ्याने सांगितलं, "सगळ्यांनी नीट बघून ठेवा. कुलूप मी फोडतोय." पाच घाव लागले, या वेळी मोजले ते भोवतीच्या लोकांनी. दार उघडलं आणि पाणी मक्यात शिरलं.

गुरुवारी चौकशी झाली ती भलत्याच माणसाची झाली. मास्तरांनी नवा जबाब लिहिला. आटे, फेरे, पट्टीची पातळी, जास्तीचे वीस आणि कुलूप, सगळं. सहीखाली या खेपेला रेघा ओढल्या नाहीत. मॅडमनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. "पट्टी तुम्ही रोज वाचत होतात, आणि मी रोज लिहून घेत होते," त्या म्हणाल्या. "तीनऐवजी दोन का, हे मीही विचारायला हवं होतं." मास्तरांना त्यांनी लेखी ताकीद दिली, कुलपाची भरपाई लावली आणि कालव्याच्या तोंडाशी आठवड्यात नवी पट्टी बसवायचा आदेश काढला. मग कपाटातून जुडगा काढून दाजींच्या पुढे सरकवला.

"मोजून घ्या," मॅडम म्हणाल्या.

दाजींनी जुडगा उचलला. सगळं ऑफिस बघत होतं. त्यांनी तो स्वतः मोजला नाही; टेबलाच्या या बाजूला बसलेल्या मास्तरांपुढे धरला. "तुम्हीच मोजा, मेहुणे. तुमच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. मास्तरांनी जुडगा घेतला, एकेक किल्ली बाजूला सारत मोजली आणि परत दिला.

"माझ्या मोजणीने अकरा आहेत," ते म्हणाले. "पण दाजी, तुम्हीही एकदा मोजून बघा."

दाजींनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या किल्लीपासून, सावकाश, मोजायला लागले.